हजार एकोणनव्वदचा मलप्पा

मलप्पा हुडगेला कुणी साधा प्रश्न विचारला तरी तो आधी खाली बसायचा. उभ्या-उभ्या उत्तर देणं त्याला जमतच नसे. बसला की डाव्या हातानं माती सारखी करायची, उजव्या हातानं काटकी शोधायची आणि विचारणाऱ्याकडं न बघता जमिनीवर आकडे मांडायला लागायचं. विचारणारा कंटाळून निघून गेला तरी याचं चालूच. मोजणी खात्यात म्हणूनच त्याला कुणी काही विचारत नसे, नुसती कामं सांगत.

काम म्हणजे साखळी ओढायचं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या साली, म्हणजे छप्पन्नला, तो खात्यात चिकटला. साहेब लोक छत्रीखाली टेबल मांडून नकाशा काढत. नांगरटीतून, बोरीच्या काट्यांतून, ज्वारीच्या धसकटांवरून सरळ जायचं ते साखळीवाल्यानं. वाटेत विंचू आला तरी रेघ वाकडी होता कामा नये. साखळीचं एक टोक मलप्पाच्या हातात आणि दुसरं महेबूबच्या. हा महेबूब रेणापूरचा, मोठा हसरा गडी. दोघांत दिवसभर तेहेतीस फुटांचं अंतर, त्यामुळं त्यांची सगळी दोस्ती ओरडूनच झालेली. घरी जेवायला बसले तरी ते एकमेकांशी ओरडूनच बोलत, आणि बायकांना वाटे भांडण लागलं.

साखळी तेहेतीस फुटांची. तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. चौरस फुटांत सांगायचं तर हजार एकोणनव्वद. हे मलप्पाला खात्यात लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं गेलं आणि पंधरा वर्षं त्यानं त्याचा काही विचार केला नाही. त्यानं विचार करायला लागावं ही बुद्धी किशनराव मोजणीदारांना झाली, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

एकाहत्तरचा उन्हाळा. रेणापूरच्या शिवारात मोजणी होती आणि शेताचे मालक दोन भाऊ आपसांत रुसून आलेच नव्हते. बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत तिघं बसलेले. किशनराव पदवीधर, स्वभावानं मोकळा, आणि काम नसलं की त्याला चैन पडत नसे.

"मलप्पा, मनात एक तीन आकडी नंबर धर," तो म्हणाला. "पहिला आन् शेवटचा आकडा सारखा नको. धरलास? आता त्याला उलटा कर. मोठ्यातून बारका काढ. उरलं ते पुन्हा उलटं कर आन् दोन्हीची बेरीज घे."

मलप्पानं काटकी घेतली. ७४२ लिहिले. उलटे २४७. वजा करून ४९५. ते उलटे ५९४. बेरीज करायला त्यानं बोटं मोडायला सुरुवात केली, तेवढ्यात किशनराव आभाळाकडं बघत म्हणाला, "हजार एकोणनव्वद."

तेवढेच आले. मलप्पानं वर बघितलं. मग त्यानं मनातल्या मनात ९३१ धरले, कुणाला सांगितले नाहीत, पाठ फिरवून लिहिले. सातशे ब्याण्णव, दोनशे सत्त्याण्णव, हजार एकोणनव्वद. मग ६२०. पुन्हा तेच.

"साहेब, हे तर गुंठ्याचं माप हाय."

"हाव की," किशनराव हसला. "मजा हाय ना?" आणि सुरईतलं पाणी पिऊन तो आडवा झाला. पंधरा दिवसांनी त्याची औरंगाबादकडं बदली झाली आणि तो पुन्हा मलप्पाला भेटला नाही. त्याच्या दृष्टीनं तो दुपार घालवायचा खेळ होता. असले खेळ दुसऱ्याच्या डोक्यात टाकून निघून जाणाऱ्या माणसांचा मला राग येतो. आपण झोपतात आणि समोरच्याची झोप उडवतात.

मलप्पाची उडालीच. कुठलाही नंबर घ्या, मधून तो गुंठाच निघतो म्हणजे काय? साखळी तीस फुटांची का नाही केली, पस्तीसची का नाही? कुणीतरी हे जाणूनच केलं असणार. त्यानं ऑफिसातल्या कारकुनाला विचारलं. कारकून म्हणाला, "ते वरून आलंय." ऑफिसात सगळंच वरून येतं, पण मलप्पानं त्या वाक्याचा भलताच अर्थ घेतला.

मग त्यानं त्या आकड्याचा पाढा केला. हजार एकोणनव्वद, एकवीसशे अठ्ठ्याहत्तर, बत्तीसशे सदुसष्ट. मातीत एकाखाली एक लिहिले, तर पहिले दोन आकडे एकेक पायरी चढत जाणारे आणि शेवटचे दोन एकेक पायरी उतरत येणारे. चारनं गुणलं तर ४३५६ आणि सहानं गुणलं तर ६५३४, म्हणजे तेच उलटं. नवानं गुणलं तर ९८०१, म्हणजे हजार एकोणनव्वदच तोंड फिरवून बसलेला. सकाळी अंगाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसला की शिवाच्या नावाच्या मधेच हा पाढा त्याच्या ओठांवर येई. मग तो दचकून पहिल्यापासून सुरू करी. आपण देव आठवतोय की गुंठा, हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं.

इथवर ठीक होतं. पण आमच्याकडं एक पद्धत आहे. शिवारात मोजणी आली की शेताची मालकीण साखळीला हळदकुंकू लावते, नारळ फोडते. वर्षानुवर्षांत एकदा येणारी ती पाहुणी, तिनं माप कमी दाखवू नये एवढाच त्यात हेतू. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला, आड आटले, तलावांच्या तळाला भेगा पडल्या, आणि लोक नारळ फोडून झाल्यावर साखळीवाल्यालाच विचारू लागले. "मामा, तुमी जिमिनीतली माणसं. हिर खांदू का हितं?"

मलप्पाला काय सांगावं कळेना. तो खाली बसला. त्यानं शेताचा सर्व्हे नंबर घेतला, तीन आकडी. उलटा केला, वजा केला, पुन्हा उलटा केला, मिळवला. आले हजार एकोणनव्वद. त्याला वाटलं, जमिनीनं आपलं माप आपल्या तोंडानं कबूल केलं, म्हणजे ही जमीन खरी.

"खांद," तो म्हणाला.

त्या माणसाला सात परसांवर पाणी लागलं. माणूस हात वर करून उभा राहिला की जेवढा भरतो तेवढा एक परस, म्हणजे फार खोलही नाही. झालं. मोजणीचा माणूस नंबर बघून पाणी सांगतो ही बातमी अहमदपूरच्या बाजारापर्यंत गेली. मलप्पा सगळ्यांचे नंबर मांडी आणि जवळपास सगळ्यांना खांद म्हणे. काहींना पाणी लागलं, काहींना नाही. न लागलेले म्हणत, आपणच खोल गेलो नाही.

मात्र काही नंबर दगा देत. बेरीज हजार एकोणनव्वद यायची तर एकशे अठ्ठ्याण्णव येई. असं झालं की मलप्पा काटकी टाकून मान हलवी. बहुतेक जमीन चांगली असते आणि चार-दोन तुकडे वांझ निघतात, असं त्याला लहानपणापासून वाटायचंच. आता आकडाही तेच म्हणत होता. महेबूबनं एकदा साखळीच्या त्या टोकावरून ओरडून विचारलं, "अरे मर्दा, समद्यांचं एकच येतंय तर मग ते येऊन काय उपेग?" मलप्पाला प्रश्न समजला नाही. त्यानं साखळी ताणून धरली.

सगळे मिळून चार जणांना त्यानं नाही म्हटलं. त्यातल्या तिघांनी त्याचं ऐकलंच नाही. चौथी त्याची बहीण.

रत्नम्मा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळं तिनंच त्याला कडेवर वाढवला. उदगीरकडच्या घरांत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, तशी ती त्याला पन्नाशी आली तरी तम्माच म्हणे. अहमदपूरच्या अलीकडं सांगवीला तिला दिली होती. नवरा शरणप्पा, सात एकर कोरडवाहू, मूलबाळ नाही. सर्व्हे नंबर दोनशे अकरा.

बहात्तरच्या दिवाळीत मलप्पा ओवाळून घ्यायला सांगवीला गेला. दिवाळी म्हणायची आपली, दिव्यात घालायला तेल नव्हतं. ओवाळून झाल्यावर रत्नम्मा अंगणात आली. भिंतीला नवी कुदळ आणि पहार टेकवून ठेवलेली होती. शरणप्पा जवळच बसून पायाच्या भेगा चाचपत होता.

"तम्मा," ती म्हणाली, "हिर खांदावी म्हणतो आमी. खांदू का?"

मलप्पा खाली बसला. २११. उलटे ११२. वजा करून ९९. ते उलटे केले तरी ९९. बेरीज १९८.

त्यानं माती पुसली आणि पुन्हा मांडलं. तिसऱ्यांदा मांडलं. काटकी बदलली. शेजारच्या दोनशे तेराचं करून बघितलं, तेही तसंच, आणि त्याला वाटलं, ही सगळी पट्टीच वांझ आहे. खोटं बोलावं असं एकदा त्याच्या मनात आलं. पण परक्यांना खरं सांगायचं आणि जिनं आपल्याला भरवलं तिला खोटं सांगायचं, हे त्याच्यानं होईना. वर बघितलं तेव्हा रत्नम्मा त्याच्या तोंडाकडं बघत उभी होती.

"न्हाई अक्का," तो म्हणाला. "ह्या जिमिनीत न्हाई."

रत्नम्मानं आत जाऊन भाकरी टाकली. महिन्याभरात घराला कुलूप लागलं. शरणप्पा सोलापूरला मिलमध्ये लागला. तिथून शेत बघणं होईना, म्हणून दोन वर्षांनी त्यांनी ते अहमदपूरच्या एका माणसाला विकून टाकलं. मलप्पा त्यानंतर सांगवीला गेला नाही. जाण्यासारखं तिथं कुणी राहिलंच नव्हतं.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं, स्वतंत्र जिल्हा झाला. गुलाल उधळला, बँड वाजले, पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्च्या कुठं ठेवायच्या यावरून भांडणं लागली. उस्मानाबादेहून ट्रक भरभरून दप्तरं यायची, लाल कापडात बांधलेली, वरच्या चिठ्ठ्या उडून गेलेली. गावोगावचे नवे कारकून लातुरात आले. त्यांना राहायला खोल्या मिळेनात आणि जेवायला घर मिळेना.

त्याच सुमाराला शरणप्पाची मिल बंद पडली आणि रत्नम्मा नवऱ्याला घेऊन लातूरला आली. ऑफिसामागच्या गल्लीत तिनं खानावळ काढली. ज्वारीची भाकरी, वरण, एक भाजी, शेंगदाण्याची चटणी. मलप्पाची बायको उदगीरला तिच्या आईपाशी असायची, म्हणून आठवड्याचे सहा दिवस तो बहिणीकडंच जेवी. ती त्याला चटणी दुसऱ्यांदा वाढी आणि वरणात तूप जरा जास्तच सोडी. दोनशे अकराचं नाव तिनं कधी काढलं नाही. मलप्पाला वाटे, ती विसरली. माणसाला सोयीचं तेच वाटत असतं.

ऑफिसात दप्तरं लावायला पंचशीला नावाची नवी मुलगी आली होती. नांदेडची, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. पहिल्याच नोकरीचा उत्साह एवढा की ती धूळसुद्धा आनंदानं झटके. मलप्पा गठ्ठे सोडून द्यायचा, ती वाचायची आणि गावाप्रमाणं लावायची. एके दिवशी अहमदपूर तालुक्याचा गठ्ठा निघाला.

"सांगवी," ती वाचू लागली. "दोनशे नऊ, जिरायत. दोनशे दहा, जिरायत. दोनशे अकरा, बागायत, विहीर एक."

"चुकून लिवलं आसंल," मलप्पा म्हणाला.

"चुकून कसं मामा? पुढं ऊस लिहिलाय."

"दोनशे अकरात पाणी आसूच शकत न्हाई."

पंचशीलेनं कागद खाली ठेवला. "कशावरून?"

मलप्पानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी कारण सांगितलं. फरशीवर माती नव्हती, म्हणून तिनं त्याला पाठकोरा कागद आणि पेन्सिल दिली. त्यानं आधी सातशे बेचाळीस करून दाखवले, आणि ती हसली, तिला हा खेळ ठाऊक होता. मग त्यानं दोनशे अकरा केले. १९८ आले. त्यानं पेन्सिल ठेवली. त्याच्या लेखी विषय संपला होता.

"मामा, तुमचं शून्य कुठं गेलं?"

"कसलं शून्य?"

"तीन आकड्यांचा खेळ आहे ना? मग तीन घरं राखायची. नव्व्याण्णव आले की शंभराचं घर रिकामं पडतं. तिथं शून्य ठेवायचं." तिनं लिहिलं, ०९९. "आता उलटं करा."

मलप्पानं उलटं केलं. ९९०. बेरीज केली. मग पुन्हा केली. दोन्ही वेळा हजार एकोणनव्वद.

"पुढच्या शून्याला किंमत नसते, बाई," तो शेवटी म्हणाला. "शाळंत मारून शिकिवलंय आमाला."

"एरवी नसते. पण इथं ते उलटून मागं येतं ना."

आणि मग, पोरगी हुशार आणि उत्साही असल्यामुळं, तिनं पुढचंही सांगून टाकलं. मधला आकडा वजाबाकीत उडूनच जातो. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात जेवढा फरक, तेवढ्या वेळा नव्व्याण्णव उरतात. नव्व्याण्णवच्या पाढ्यात मधे कायम नऊ, आणि दोन्ही कडेचे मिळून कायम नऊ. मग उलटून मिळवलं की कडेला नऊ, मधे अठरा, दुसऱ्या कडेला नऊ. नऊशे, एकशे ऐंशी आणि नऊ. "दुसरं काही येऊच शकत नाही मामा. जगातला कुठलाही नंबर घ्या."

"समद्यांचं येतं?"

"सगळ्यांचं."

"आन् गुंठा?"

आता पंचशीला थांबली. गुंठ्याचे चौरस फूट किती, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. तिनं तेहेतीस गुणिले तेहेतीस करून बघितलं. "अरेच्चा," ती म्हणाली, आणि तिनं तो गुणाकार पुन्हा एकदा करून बघितला. मग म्हणाली, "हे मात्र असंच जुळलंय, मामा. यात काही नाही." पण तिच्या आवाजात मघाची खात्री नव्हती.

त्या दिवसापासून मलप्पाचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. आपली नेमकी चूक काय झाली, हेच त्याला धरता येईना. शून्य सांडलं ही चूक धरली, तर दोनशे अकराचा होकार होता आणि आपण बहिणीला नकार सांगितला. पण सगळ्यांचंच तेच येत असेल, तर तो होकारही होकार नव्हता. मग ज्यांना पाणी लागलं त्यांना ते कशानं लागलं? आणि होकार-नकार काहीच नव्हतं, तर आपण माफी कशाची मागायची? एक शून्य गाळलं म्हणून, की बाकी सगळीकडं बरोबर केलं म्हणून? एका बाजूनं विचार केला की दुसरी बाजू सुटायची. साखळी ओढताना तो पावलं मोजायला चुकू लागला. महेबूब तिकडून ओरडे, "कुठं चालला रं? बांध तर मागं ऱ्हायला!"

एका दुपारी बांधावर बसून त्यानं महेबूबला सगळं सांगितलं, त्या दिवशी मात्र हळू आवाजात. महेबूबनं बिडी पेटवली.

"अक्काला सांगू नको," तो म्हणाला. "दहा साल झाले. तिचं शेत गेलं ते गेलं. आता कशाला खपली काढतो?"

"पर रोज तिच्या हातचं खाऊन राहिलोय मी."

"मग तर मुळीच सांगू नको. जेवण बंद व्हईल."

मलप्पाला हसू आलं नाही. जेवण बंद झालं असतं तर एक वेळ चाललं असतं. भीती होती ती वेगळीच. अक्कानं आपल्याला तम्मा म्हणणं सोडलं तर? या जगात त्याला त्या नावानं हाक मारणारं दुसरं माणूस उरलेलं नव्हतं. आणि सांगितलं नाही, तर ती हाक ऐकताना आपण दर वेळी चोर. चार दिवस तो या दोहोंच्या मधे लोंबकळला आणि पाचव्या दिवशी दुपारी, कारकून जेवून गेल्यावर, ताटावरून उठलाच नाही.

शरणप्पा आतल्या खोलीत झोपलेला. रत्नम्मा संध्याकाळच्या भाकरीसाठी परातीत पीठ चाळत होती.

"अक्का, तुला एक सांगायचं हाय."

"सांग की."

तो पाटावरून सरकून परातीजवळ गेला. सवयीनं त्यानं हातानं पीठ सारखं केलं आणि बोटानं त्यात आकडे काढले. दोनशे अकरा, एकशे बारा, नव्व्याण्णव. "हे बघ, ऑफिसातली शिकलेली पोरगी म्हणाली, हितं शून्य ठिवायचं होतं. मी ठिवलं न्हाई. म्हून एकशे अठ्ठ्याण्णव आले. ठिवलं आसतं तर हजार एकोणनव्वद आले आसते. मी तुला खांद म्हणलो आसतो." त्यानं नव्व्याण्णवच्या पुढं बोटानं शून्य काढलं. "त्या जिमिनीत पाणी हाय, अक्का. ऊस हाय आता तिथं. मी चुकलो."

रत्नम्माला वाचता येत नव्हतं. तिनं पिठातल्या रेघांकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"पाणी लागलंय ते ठाव हाय मला," ती म्हणाली. "सोलापूरला आसतानाच कळलं."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"काय बोलू? तुला वाईट वाटलं आसतं."

मलप्पाला हुंदका आवरेना. "एका शून्यापायी तुझं शेत गेलं."

"शून्य-बिन्य मला काय कळतंय रं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुला नंबर कुणी इचारला होता? माझ्या मालकाची छाती तवाच दम्यानं भरायची. हिर खांदायला दोन हात पुरत न्हाईत, तम्मा. कुदळ आणून ठिवली होती. मला वाटलं, तम्मा म्हणंल, खांदू अक्का, मी येतो चार दीस. तुला रजा मिळायची. मी तेवढंच इचारलं. आन् तू मातीत बसलास काटकी घिऊन."

कुदळ मलप्पाला आठवत होती. पहारही आठवत होती. ती भिंतीला का टेकवली होती, हे त्यानं दहा वर्षांत एकदाही विचारात घेतलं नव्हतं.

"तू यितो म्हणला आसतास तर आमी खडकातबी खांदली आसती," रत्नम्मा म्हणाली. "पाणी लागो न्हाईतर न लागो. गाव सुटलं नसतं." तिनं परातीत पाणी ओतलं आणि पीठ मळायला घेतलं. "त्या तुझ्या शिकलेल्या पोरीला इचार जा. म्हणावं, भाऊ आला आसता तर किती आले आसते."

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्या-उघडल्या मलप्पानं पंचशीलेला खरोखरच विचारलं. पाठकोरा कागद आणि पेन्सिल तो स्वतःच घेऊन आला होता. आधी तिला वाटलं, मामा गंमत करतायत. मग तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तो समोर धरलेला कागद तिच्यानं हातात घेववेना.